दाजी, लॉरी आता जागेवर सरळ चालते

दाजी, मॅग्नेटोत काही खोट नव्हती.

हे तुम्हाला तोंडावर सांगायचं होतं. सांगितलं असतं तर तुम्ही पटका सारखा केला असता, कानामागची विडी काढली असती आणि म्हणाला असता, "धुळा, काल हँडल मारायला शिकलास, आन् आज मला शिकवतूस व्हय रं?" मग आपण पुन्हा जुंपलो असतो. बॉनेटच्या एका अंगाला तुम्ही, दुसऱ्या अंगाला मी, आणि ओसरीवरून आक्का ओरडली असती, "जेवाय येताय, का लोखंडच खाताय?" ते भांडण आता मी एकटाच करतो आहे. तुमच्या बाजूनंही मीच बोलतो. तुम्ही काय म्हणाला असता ते मला ठाऊक असतं, म्हणून बहुतेक वेळा तुम्हीच जिंकता. पण मॅग्नेटोच्या बाबतीत नाही.

लोकांना वाटतं, धाकटा मेहुणा आहे, बहिणीचा नवरा गेला म्हणून रडतो आहे. ते तर आहेच. पण तुम्ही माझे नुसते दाजी नव्हता. रोगात आमच्या बापाची मेंढरं बसली ती उठलीच नाहीत, तेव्हा मी एक घोंगडं खांद्यावर टाकून कळसला तुमच्या दारात आलो होतो. तुम्ही तेव्हा नुकताच आपला कळप विकून ही जुनी लॉरी घेतली होती. सगळी वाडी तुम्हाला हसत होती. मेंढरं विकून लोखंड आणलं, आता त्याची लोकर काढणार काय म्हणून. तुमचे थोरले भाऊ, आबा, त्यांनी तर महिनाभर तुमच्याशी बोलणं टाकलं. आणि तुम्ही मला विचारलं काय? "मेंढरू आजारी हाय हे तुला कशावरनं कळतं?" मी म्हणालो, खोकल्यावरनं. तुम्ही म्हणाला, "मग बस हितं. ह्ये बी खोकतंय."

एवढ्यावर तुम्ही मला ड्रायव्हर केलंत. मी कधी तुम्हाला उपकार मानतो म्हणालो नाही. आपल्यात तसं म्हणत नाहीत. म्हणायला हवं होतं की नको, अजून ठरत नाही.

दुखणं लागलं ते यंदा गुळाच्या दिवसांत. आठवतं ना? कालव्याकाठची सगळी गुऱ्हाळं एकदम पेटली होती आणि आपण कळस ते बारामती गुळाच्या ढेपा ओढत होतो. धावताना लॉरीला काही होत नव्हतं. पण कुठं थांबलं, पाय काढला, की इंजन लंगडायचं. भक भक, मध्येच एक ठोका गायब, मग सगळी लॉरी हुडहुडी भरल्यासारखी थरथरायची आणि बंद पडायची. मागून धूर काळा यायचा, आणि त्या धुराला कच्च्या पेट्रोलचा वास. डोळे चुरचुरायचे. आक्का म्हणायची, तुमचे दोघांचे सदरे धुतले तरी वास जात नाही.

तुम्ही प्लग काढले. चारीच्या चारी काजळीनं काळे. घासूनपुसून बसवले, आठवडाभर बरं, पुन्हा तेच. तुम्ही म्हणाला, "इजंचा दम कमी पडतोय. ठिणगी लेचीपेची आसली का पेट्रोल आर्धंच जळतं. आर्धं कच्चं भाईर. ठिणगी पाडणारा मॅग्नेटोच म्हातारा झालाय." मी म्हणालो, "दाजी, ठिणगी कमी न्हाय, पेट्रोलच जास्ती येतंय. कारबोरेटरातलं भोक झिजून मोठं झालंय." तुम्ही म्हणाला, "भोक झिजाया ती काय विहिरीची रहाटी हाय?" मी गप्प बसलो नाही. तुम्हीही नाही. बारामतीपर्यंत भांडत गेलो आणि येताना दुसऱ्या बाजूनं भांडत आलो. खरं तर आपल्या दोघांनाही ते आवडत होतं. काजळी दोन्हींनी धरते, ठिणगी कमी पडली तरी आणि पेट्रोल जास्त झालं तरी, त्यामुळं दोघांच्याही हातात पुरावा तोच होता.

मग तुम्हाला ताप आला. दोन दिवस अंगावर काढलात. तिसऱ्या दिवशी श्वास घेताना छातीत सुरी फिरवल्यासारखं होतंय म्हणालात, तेव्हा मी आणि आबांनी तुम्हाला लॉरीत मागं पोत्यांवर निजवलं. आक्का तुमच्या आजारी आईपाशी राहिली, दुसऱ्या दिवशी येते म्हणाली. मी जमेल तेवढं सावकाश चालवत होतो. ओढ्याशी थांबलो आणि इंजन लंगडायला लागलं, तर मागून तुमचा आवाज आला. एवढा ताप, आणि तुम्ही काय म्हणालात? "आइकलंस? तिसरा प्लग ठोका सोडतोय. मॅग्नेटोच हाय." मी पुढून ओरडलो, "कारबोरेटर हाय!" तुम्ही हसलात, हसता हसता खोकलात, आणि तो खोकला बराच वेळ थांबला नाही. थांबल्यावर म्हणालात, "बरा हून आलो का उघडू. दोगं मिळून. तवर हात लावू नगंस त्येला."

मी व्हय म्हणालो.

बारामतीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी छातीला नळी लावून ऐकलं आणि मला बाहेर बोलावून सांगितलं, दोन्ही फुप्फुसं धरली आहेत. ते चांगले होते. जेवढं करायचं तेवढं त्यांनी केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हं खिडकीत आली तेव्हा तुम्ही गेलात. आक्का तेव्हा बैलगाडीनं निम्म्या वाटेवर होती.

तुम्हाला मी आपल्याच लॉरीतून परत आणलं. दुसऱ्या कुणाच्या गाडीत तुम्हाला घालायचं मला पटेना. वाटेत आक्काची गाडी भेटली. तिनं लॉरी पाहिली, माझं तोंड पाहिलं. उतरून मागं चढली आणि तुमचं डोकं मांडीवर घेऊन बसली. पुढं कालव्याच्या पुलावर उसाच्या गाड्या आडव्या आल्या आणि मला थांबावं लागलं. थांबलो तसं इंजन बंद पडलं. मी खाली उतरून हँडल मारायला लागलो. मारतोय, मारतोय, पेट्रोलचा वास नाकात बसलेला, आणि इंजन धरत नाही. हात सोलला. गाडीवानांनी आधी शिव्या दिल्या, वाट अडवली म्हणून. मग एकानं मागं डोकावून पाहिलं. त्यानं पटका काढला. सगळ्यांनी काढले. बैल सोडून आठ-दहा जणांनी लॉरी ढकलली, तेव्हा कुठं ती सुरू झाली. त्यांतला एकही माणूस ओळखीचा नव्हता.

त्या दिवशी लॉरी वाड्यासमोरच्या लिंबाखाली लावली आणि मी तिच्याकडं पाहिलं नाही. तुमचे दिवस झाले, पाहुणे आले, गेले. लॉरी तिथंच. कोंबड्या तिच्या चाकांवर बसायला लागल्या.

मग एके दुपारी आबा ओसरीवर बसले आणि त्यांनी विषय काढला. आबांना मी दोष देत नाही, दाजी. तुम्ही गेल्यापासून त्यांचा पाठीचा कणा वाकलाय. ते आक्काला म्हणाले, "पोरी, तुला लेकरूबाळ न्हाय. इंदापूरच्या बाजारात लॉरीला गिऱ्हाईक हाय. ती इकून टाकू. वरीसभरानं पाव्हण्यांतच एखादं बरं घर बघून पाट लावू. तुझं वय काय हाय?"

आक्का धान्य पाखडत होती. सूप थांबलं नाही. ती म्हणाली, "आबा, मला घर हाय. ही लॉरी बी हाय. धुळा चालवील, मी माल बघीन."

"बाईमाणूस माल बघणार? आडत्याच्या दारात हुबी ऱ्हाणार?"

"मेंढरांमागं रानावनात हिंडत हुते तवा कुणी इचारलं न्हाय बाईमाणूस म्हून."

आबा माझ्याकडं वळले. "धुळा, खरं सांग. ती लॉरी चालती का? माझ्या भावाला आणताना पुलावर बंद पडली, लोकांनी ढकलली. सगळ्या मुलखाला ठावं हाय. आसल्या खटाऱ्यावर ह्या पोरीचा जलम टांगायचा?" त्यांनी अट घातली. पुढच्या बाजाराच्या आत लॉरी भरल्या मालानं बारामतीला जाऊन, कुणाचा हात न लागता परत आली, तर ते पुन्हा विक्रीचं नाव काढणार नाहीत. नाही आली, तर बाजाराला गिऱ्हाईक येऊन घेऊन जाईल.

आक्का म्हणाली, "ठरलं."

मला तुमचा शब्द आडवा येत होता. बरा होऊन आलो की उघडू, तोवर हात लावू नकोस. कारबोरेटरचा पहिला बोल्ट सैल केला म्हणजे तुम्ही येणार नाही हे मी कबूल केल्यासारखं होणार होतं. चितेला आग लागलेली मी पाहिली होती, आणि तरी बोल्ट सैल करायला हात जात नव्हता. माणूस असा असतो हे मला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाना घेऊन लॉरीपाशी गेलो, तेव्हा आधी तुमचाच मान ठेवला. मॅग्नेटो. तुम्ही मला शिकवलं होतं की एका वेळी एकाच गोष्टीला हात लावायचा. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि लॉरी सुधारली, तर कशानं सुधारली ते देवालाही सांगता येत नाही. मी प्लग काढला, तार जोडूनच तो इंजनच्या लोखंडावर आडवा ठेवला आणि आक्काला हँडल फिरवायला सांगितलं. तिनं पदर खोचला आणि फिरवलं. ठिणगी उडाली. निळी, जाड, टचकन आवाज करणारी. दुसरा प्लग, तिसरा, चौथा. सगळीकडं तशीच. तुमचा तिसरासुद्धा. म्हातारा मॅग्नेटो जवान होता, दाजी.

मग हवा कमी करणारी चोकची झडप पाहिली, अडकून अर्धी बंद राहिली असेल म्हणून. सताड उघडी होती. हवेच्या तोंडात पाचट, पाला काही अडकलं असेल म्हणून पाहिलं. साफ होतं. आता माझंच म्हणणं उरलं होतं, झिजलेलं भोक. त्यासाठी कारबोरेटर उघडायला लागणार होता. मी पाना खाली ठेवला आणि लिंबाला टेकून बसलो.

आक्का जवळ येऊन उभी राहिली. तिनं नाक वर करून वास घेतला. "धुळा, ह्यो वास रोजच येतोय बघ."

"इंजनचा धूर—"

"आता कुठला धूर? इंजन कवाचं बंद हाय. आन् रोज म्हंजे तू लॉरी हितं आणून लावलीस तवापास्नं. चूल पेटवाय भ्या वाटाय लागलं मला. त्यांच्या वक्ताला येत नव्हता आसा उभ्या लॉरीचा वास."

मी उठलो. लॉरीखाली पालथा पडून पाहिलं. कारबोरेटरच्या बरोबर खालची माती काळी, ओली होती. हात लावून नाकाशी नेला. पेट्रोल. आणि वरून आणखी एक थेंब माझ्या मनगटावर पडला.

तेव्हा कळलं. तुम्हाला आणून मी लॉरी लावली आणि पेट्रोलची तोटी बंद करायची राहिली. इतके दिवस ती उघडी होती. टाकीतलं पेट्रोल थेंब थेंब जमिनीत जात होतं. आणि दाजी, तुमच्या हातून तोटी कधी उघडी राहिलीच नाही. पानाच्या टपरीशी थांबायचं असलं तरी तुमचा हात आधी सीटखाली तोटीकडं जायचा. लॉरी उभी राहिली की पेट्रोल बंद. म्हणूनच हे गळणं आपल्याला कधी दिसलं नाही. तुम्ही एवढे काटेकोर होता की दुखणं तुमच्या काटेकोरपणाआड लपून बसलं होतं. ते माझ्या ढिलाईनं उघडं पडलं. यावर तुम्ही काय म्हणाला असता ते मला खरंच सुचत नाही, आणि तुमचं उत्तर न सुचण्याची ती पहिलीच वेळ.

ठिणगीचा दोष असता तर उभ्या, थंड लॉरीतून पेट्रोल गळलं नसतं. म्हणजे मॅग्नेटो सुटला. पण मला खात्री पाहिजे होती. मी लॉरी सुरू केली. लंगडायला लागली, धूर काळा. तशीच चालू ठेवून मी तोटी बंद केली आणि आक्काला म्हणालो, आता नुसतं आइक. काही वेळ तेच भक भक. मग आतलं पेट्रोल कमी होत गेलं तसा आवाज एकसारखा व्हायला लागला. ठोक्याला ठोका लागला. थरथर थांबली. धूर फिका झाला. पेट्रोल पार संपून इंजन बंद पडायच्या आधी काही क्षण ते इतकं गोड चाललं की आक्का आणि मी एकमेकांकडं पाहतच राहिलो. बंद पडल्यावर ती म्हणाली, "म्हंजे पेट्रोल जास्ती येतंय. कमी केल्यावर बरं चाललं."

"व्हय."

"मग उघड की त्यो डबा."

"दाजींनी हात लावू नगंस म्हटलंय. बरा हून आलो का दोगं मिळून उघडू म्हणाले."

तुम्ही गेल्यापासून आक्का माझ्यासमोर रडली नव्हती, तेव्हाही रडली नाही. तिनं जमिनीवरचा पाना उचलून माझ्या हातात दिला आणि लॉरीच्या पलीकडच्या अंगाला, तुमच्या जागी, जाऊन उभी राहिली. "दोगं हाओत," म्हणाली. "उघड."

मी उघडला, दाजी. आत वाटीसारखा कप्पा असतो आणि त्यात पितळेची पोकळ डबी पेट्रोलवर तरंगते, तुम्हाला मी काय सांगणार. कप्पा भरला की डबी वर येते आणि वरची सुई पेट्रोलची वाट बुजवते. मी आधी माझं भोक पाहिलं. झिजलेलं नव्हतं. नवी कोरी टाचणी जाईल एवढंच. म्हणजे मीही चुकलो होतो, तेव्हा फार ऐट करू शकत नाही. मग डबी बाहेर काढली, कानाशी धरली आणि हलवली. आत डुचमळलं. जून नारळात पाणी वाजावं तसं. मी ती आक्काच्या कानाशी धरली. तिचे डोळे मोठे झाले.

डबीला कुठंतरी सुईच्या टोकाएवढी चीर पडली होती. आत पेट्रोल शिरून ती जड झाली होती आणि धड तरंगत नव्हती. वाट पुरती बुजत नव्हती. धावताना इंजन जास्तीचं पेट्रोल खाऊन टाकायचं, थांबलं की तेच त्याच्या घशाशी यायचं.

आक्कानं चुलीवर पाणी उकळलं आणि पातेलं चुलीपासून लांब, पार गोठ्यापलीकडं नेऊन ठेवलं. डबी पाण्यात बुडवून धरली तशी जोडावरच्या एका जागेतून बुडबुड्यांची बारीक माळ निघाली. दुखण्याचं तोंड सापडलं. बुडबुडे थांबेपर्यंत आम्ही तिला तशीच धरून बसलो, आतलं पेट्रोल उडून जायला पाहिजे होतं. वाळवून मी ती गावातल्या सोनारकाकांकडं नेली. ते म्हणाले, एवढंच ना, चीर बुजवायला देतो डाख. मी म्हणालो, काका, डाख कमीत कमी. जड झाली तर पुन्हा बुडेल. त्यांनी नथीचा मोती बसवावा तसा डाख दिला, कानस फिरवून तोही उतरवला, डबी तळहातावर तोलून पाहिली आणि म्हणाले, "रामाची लॉरी ना? घिऊन जा. पयशाचं बोलू नगंस." तुमचं नाव त्यांनी घेतलं तेव्हा मी घाईनं बाहेर पडलो.

बसवलं सगळं. प्लग घासले. हँडल एकदा मारलं आणि तिनं धरलं. पाय काढला. दाजी, ती उभ्या जागी चालत राहिली. लंगड नाही, थरथर नाही. आक्का मागं जाऊन धुरात हात धरून उभी राहिली, हात उलटा करून पाहिला. काळा नाही, ओला नाही. वास घेतला. मग तो हात तिनं तसाच गालाला लावला आणि बराच वेळ लॉरीमागून पुढं आली नाही. मीही बोलावलं नाही.

दुसऱ्या दिवशी गूळ भरला आणि निघालो. आक्का पुढं माझ्या शेजारी बसली. वाडीतल्या बायका दारात येऊन पाहत होत्या. तिनं पदर डोक्यावर घेतला, पण मान खाली घातली नाही. कालव्याच्या पुलावर त्या दिवसासारख्याच उसाच्या गाड्या आल्या, आणि मी थांबलो. गाड्या एकामागून एक जात राहिल्या, लॉरी आपल्या जागी शांत गुरगुरत राहिली. एका गाडीवानानं आम्हाला ओळखलं असावं. जाताना त्यानं चाबूक कपाळाला लावला.

बारामतीत स्टेशनाच्या धक्क्यावर माल उतरवला. परतताना आक्का म्हणाली, "दवाखान्यावरनं घे."

मी घेतली. दारासमोर थांबलो. ती उतरली नाही, इंजन बंद कर म्हणाली नाही. खिडकीकडं बघत बसली. मग म्हणाली, "शेवटी काय म्हणाले?"

हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं. मी मनात एक उत्तर तयारही ठेवलं होतं. तिची आठवण काढली, तिला जप म्हणाले, असं काहीतरी. तिला तेवढ्यानं आयुष्यभर पुरलं असतं. मी तोंड उघडलं, तर ती म्हणाली, "खरं सांग, धुळा. रचून सांगितलंस तर मला कळंल."

मग मी खरं सांगितलं. त्या सकाळी तुम्ही डोळे उघडलेत, मला ओळखलंत, आणि विचारलंत, "लॉरी कुठं लावली?" मी म्हणालो, बाहेर, सावलीत. तुम्ही म्हणालात, "तोटी बंद केलीस?" मी व्हय म्हणालो. तुम्ही मान हलवलीत. एवढंच.

आक्काला हसू आलं. आधी नाकातून, मग मोठ्यानं. हसता हसताच ती रडायला लागली, तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा, आणि रडताना म्हणत राहिली, "आसंच म्हणाले आसतील. व्हय. आसंच म्हणाले आसतील." दवाखान्याचा चपराशी दारात येऊन पाहून गेला. मी लॉरी तशीच चालू ठेवली. तिचं रडून होईपर्यंत ती चालत राहिली.

कळसला पोचलो तेव्हा आबा लिंबाखाली उभे होते. कुणी ढकलली का, कुठं बंद पडली का, काही विचारलं नाही. लॉरीजवळ आले आणि बॉनेटवर तळहात ठेवून उभे राहिले, तुम्ही लहान असताना ताप आला तर तुमच्या कपाळावर ठेवत असतील तसा. मग घरात गेले. बाजाराच्या दिवशी गिऱ्हाईक आलं, त्याला आबांनी चहा पाजला आणि लॉरी विकायची नाही म्हणून वाटेला लावलं.

दाजी, तुमच्याशिवाय ही कामं होतात याचा मला राग येतो. तुमच्याशिवाय ती होऊ नयेत असंही वाटत नाही. दोन्ही खरं आहे, आणि त्याचा निवाडा करायला मला वेळ नाही, कारण काल नरसिंहपूरहून माणूस आला होता. संगमाकडच्या मळ्यांत केळी तयार आहेत, आणि तुमच्याशी बोलणं झालेल्या तिकडच्या बागायतदारांनी विचारलंय की मालक गेले, आता लॉरी येणार का, का दुसरी बघू. रस्ता तिकडं वाईट आहे. त्या बाजूला आपण कधी भरला माल नेला नव्हता. मी आक्काकडं पाहिलं.

ती दारात उभी होती. त्या माणसाला म्हणाली, "सांग त्यास्नी, लॉरी येती. चालवतंय कोण इचारलं तर ह्येचं नाव सांग. कुणाची हाय इचारलं तर माझं सांग."